शेजारच्या भावजींचा विलायती कुत्रा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी. पण राग मनात मावत नाही.

शेजारचे भावजी शिवाजी पार्कच्या सभेहून येताना ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ ओरडत जिना चढतात. परळच्या जनावरांच्या दवाखान्यातून त्यांनी निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा, अर्धा विलायती कुत्रा आणला. पाहुण्यांना दाखवून झालं की हातभर साखळीने गॅलरीत बांधायचे. धावायला जन्मलेलं जनावर दिवसभर रडायचं.

“वेडा आहे. रविवारी परत देतो,” ते म्हणाले.

मग भावजी उठायच्या आत मी त्याला चौपाटीवर धावायला नेऊन आणू लागले. तो शांत झाला.

रविवारी भावजी पाहुण्यांना म्हणाले, “बघा, कसं वळण लावलं मी!”

मी साखळी सोडून त्यांच्या हातात दिली. “ही ठेवा भावजी. कुत्रा माझ्याकडे राहील.”