दोन डिस्कांवरचं गाव

आमचे भाऊजी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. नंबरात केसभर फरक पडला तरी काच पुन्हा यंत्रावर चढते. आपण चुकलो असं त्यांनी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. माझी ताई त्यांच्याशी संसार करून गेली, तिलाही आठवलं नसतं.

ताईनंतर घरात बापलेक उरले. दोघांनाही कॉम्प्युटरवर खेळायचं वेड. भाऊजींनी जुनी मशीन जोडून कपड्यांच्या कपाटात सर्व्हर उभा केला. कपडे खुर्चीवर आले, पण सर्व्हरचा थाट राहिला. त्यावर खेळातलं, ठोकळ्यांचं एक गाव होतं, दोघांनी मिळून बांधलेलं. त्यात घर होतं, विहीर होती आणि आईची आठवण म्हणून लेकीने लावलेली बाग होती.

पुढे भाचीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. बापाशी कडाक्याचं वाजलं आणि ती दूर निघून गेली. तिचा फोन नाही, यांचाही नाही. पण खेळातल्या गावात ती तिथूनच यायची. भाऊजी कामावर असताना बागेत एखादं फूल लावून जायची. हे घरी आले की चहाआधी ते बघायचे आणि शेजारी कुंपणाची एक फळी ठोकायचे.

"सरळ फोन करा की," मी म्हणायचो.

"येते ना ती? मग झालं."

गाव दोन डिस्कांवर होतं. एकीवर जे होईल ते दुसरीवर आपोआप व्हायचं, म्हणून भाऊजी निर्धास्त. वेगळी प्रत काढून ठेवण्याची त्यांना गरज वाटली नाही. मग एक डिस्क खराब झाली. त्यांनी नवी बसवली आणि भरलेली डिस्क रिकामीवर उतरवायची ती उलटी, रिकामीच भरलेलीवर उतरवली. नक्की ना, असं मशीनने विचारलंही होतं. त्यांनी हो म्हटलं.

मी गेलो तर चेहरा पांढराफटक.

"पोरीला सांगा, चुकून पुसलं गेलं म्हणून," मी म्हणालो.

"कशाला? मला सगळं पाठ आहे. बांधून ठेवतो, तिला पत्ताही लागणार नाही."

मला संताप आला. पण त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? रजा टाकून त्यांनी घर उभं केलं, विहीर खणली आणि बाग आठवेल तशी लावली.

थोड्याच दिवसांत भाचीचा मला फोन आला.

"मामा, बाबांनी माझी बाग उपटली. स्वतःची लावलीय, सरळ रांगेत."

"अगं, डिस्क पुसली गेली. चुकलं त्यांचं."

"बाबा म्हणाले तसं?"

"त्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे."

"मग नसेल चुकलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हे मी भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याने मला खुर्चीवर बसवून त्यांनी गाव दाखवलं. बागेच्या दारात पाटी होती: 'चुकलो.' माझे डोळे भरून आले. घरी जाऊन मी भाचीला ताबडतोब कळवलं.

"फोनवर म्हणायचं होतं, मामा," ती म्हणाली. "तो खेळ मी काढून टाकलाय. आता नका सांगू मला त्यांचं काही."

भाऊजी अजूनही कामावरून आले की आधी बाग बघतात. ती आता येणार नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर येतं. परवा त्यांनी एक वेगळी डिस्क आणली आणि गावाची प्रत काढून ठेवली.