जाळ्यात न आलेला मासा

बाळांनो, धाकटीने परवा फोनवर विचारले की आजी, तू मासे मोजायचीस कशी? तेव्हा मी अर्धेच सांगितले. उरलेले लिहिते, तुमची आई वाचून दाखवील.

तंजावूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नदीच्या मुखाजवळच्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांनी बनलेल्या, खडकावर माशांच्या किती जाती आहेत, याची पाहणी माझ्याकडे आली. तिथून होड्यांसाठी खोल वाट खणायची होती आणि आमची यादी पाहून परवानगी ठरणार होती. पाणी गढूळ, बुडी मारून काही दिसत नसे. म्हणून दर खेपेला तेच जाळे, त्याच जागा, तीच वेळ. आलेला मासा ओळखायचा, मोजायचा, सोडून द्यायचा.

वेळ मी ठरवली: सकाळी अकरा ते तीन. साडेचारला परतीची बस होती.

त्या खडकात हाताने मासे-खेकडे धरून पोट भरणारी एक बाई होती. ती एकदा मडक्यात ठिपक्यांचा मासा घेऊन आली. तसला आमच्या जाळ्यात कधी आला नव्हता. मी विचारले, हा कुठे सापडला?

"इथेच. तुम्ही बसच्या वेळेला येता, अम्मा. हे मासे दिवे लागायच्या वेळेला येतात."

मी तिचे आभार मानले, मासा फॉर्मलिनमध्ये ठेवला, बाटलीवर चिठ्ठी लावली; यादीत मात्र लिहिला नाही. जाळ्यात आला नाही तो यादीत नाही, हे मीच मुलांना जन्मभर शिकवले होते. निम्मी पाहणी झाल्यावर वेळ बदलली तर आधीची मोजणी वाया जाईल, असेही मनाला सांगितले. निदान वेगळ्या पानावर लिहिता आले असते. ते सुचले नाही असे नाही.

यादी तोकडी झाली. खडकावर फारसे मासे नाहीत, असा शेरा पडला आणि यंत्राने तो खडक फोडला.

बाटली माझ्या कपाटात आहे. माशाचे ठिपके गेले.

गेल्या वर्षी मी तिकडे जाऊन आले. ती बाई आता बाजारात दुसऱ्यांच्या माशांची खवले काढते. मी तिच्याशेजारी बसून सांगितले, माझी यादी चुकली, तुझा मासा मी लिहिला नाही. तिचा हात थांबला नाही. पुढचा मासा उचलताना तिने उन्हाकडे पाहिले.

"उठा अम्मा, साडेचारची बस चुकेल."

मी उठले.