उणे चिन्ह

आमच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमची एक पातळ पट्टी आहे. बोटाने वाकवली की तिच्यावर चिकटवलेल्या चकत्यांना ते जाणवतं, आणि वीज देऊन त्याच चकत्यांकडून आम्ही तिला सरळ करतो.

परवा पाहुण्यांसमोर ती आणखीच वाकत गेली. "मामा, तारा उलट्या जोडल्यात तुम्ही!" मी सगळ्यांदेखत खेकसलो. तारा जोडणारे मामा पुटपुटले, "चुकलं असेल, सर." ते तारा चाचपत असताना मला दिसलं, उणे चिन्ह माझ्याच प्रोग्रॅममध्ये लिहायचं राहिलं होतं. मी ते गुपचूप घातलं. पट्टी सरळ झाली. टाळ्या मी घेतल्या.

वीस वर्षं न विचारता तारा जोडणारे मामा आता दर तारेला विचारतात, "सर, लाल इकडेच ना?"

वाकलेली पट्टी सरळ करणं मला येतं. मामांना मी नुसतं "हो" म्हणतो.