अप्पांच्या गळ्यातली डबी

"मेल्यावरबी हे माझ्यासंगंच पुरत्यात, मंग जित्तेपणी कावून काढू बे?" अप्पा मुलाला म्हणाले. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढल्याशिवाय ऑपरेशनला नेता येणार नाही, असं नर्सनं नुकतंच सांगितलं होतं.

अप्पा लिंगायत, तेलगावचे आमचे शेजारी. त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं कितीही घासाघीस केली तरी ते कात्री हातात धरून गप्प बसतात. भाव हलत नाही. साधा चहा घेण्याआधीही त्यांचा हात छातीवरच्या त्या चांदीच्या डबीकडे जातो. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, फुटली तर वाचणं कठीण, हे कळल्यावर मुलं त्यांच्या वयाकडे बघून ऑपरेशनला कचरली. अप्पांनीच ठरवलं, पोट न फाडता जांघेतून आत जाळीची नळी बसवून घ्यायची. "मला लई वर्सं दुकान उघडायचंय," म्हणाले.

डॉक्टरांशी बोलायला इंग्रजी शाळेतली मुलगी हवी म्हणून मला आणलं होतं. मी आतापर्यंत नुसती मान हलवत होते.

डॉक्टर आले. "नळी सरकवताना छाती-पोट एक्स-रेच्या पडद्यावर स्वच्छ दिसायला हवं. मध्ये धातू चालणार नाही."

अप्पांनी टोपी घातली, पलंगावरून उतरून चपला पायात सरकवल्या. मुलगा रडवेला झाला. डॉक्टर दाराकडे वळले, तशी मी त्यांच्या आडवी गेले.

"सर, डबी आम्ही आमच्याकडे ठेवतो. आतलं दगडाचं लिंग कापडात गुंडाळून दंडाला बांधा. ते अंगावरच राहील आणि पडद्यावरही येणार नाही. अप्पा, चपला काढा."