रिकाम्या कपाटाचे ग्रंथपाल

रिकाम्या कपाटाचा अभिमान बाळगणारा ग्रंथपाल साऱ्या मराठवाड्यात एकच होऊन गेला असणार, आणि ते नेमके माझ्या ताईचे सासरे निघावेत, हे माझं भाग्य. बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यावर मी शिक्षिका म्हणून तिकडच्याच गोरेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात रुजू झाले आणि ताईच्याच घरी राहिले. पहिल्याच संध्याकाळी हौसेनं गावचं वाचनालय बघायला गेले. चावडीशेजारची सारवलेली खोली, एक बाकडं आणि भिंतीला टेकून उभं असलेलं भलंमोठं सागवानी कपाट. मी दार उघडलं. आत एक झुरळ होतं, तेही जायच्या घाईत. "आबा, पुस्तकं कुठायत?" मी विचारलं. ताईचे सासरे नवरदेवाच्या बापासारखे खुलले. "एक बी न्हाई ना? मंग बराबर चाललंय आपलं."

त्यांचा कायदा असा, की वाचून झालेलं पुस्तक वाचनालयात परत आणायचंच नाही. ज्याला हवं त्यानं आधीच्या वाचणाऱ्याच्या घरी जाऊन ते आणायचं. तिथं बसायचं, पुस्तक कसं वाटलं ते ऐकून घ्यायचं, मग उठायचं. कुणी चुकून पुस्तक परत घेऊन आलाच तर आबा त्याला दारातच अडवत. "काहून आणलंस? तुझ्या घरी कुणी आलं न्हाई का?" हे ते इतक्या कळवळ्यानं विचारत, की आपल्याकडे कुणी येत-जात नाही याचं त्या माणसाला खरोखरच वाईट वाटू लागे.

नोंदवहीचा पत्ता नव्हता. तीनशेच्या आसपास पुस्तकं कुणाकुणाच्या घरी आहेत, ते सगळं त्यांच्या डोक्यात. एरवी कपाळावरचा चष्मा ते घरभर शोधत, सुनेला हाक मारताना आधी स्वतःच्या चारही लेकींची नावं घेत. पण पुस्तकाचं विचारा. "जाड, निळ्या पुठ्ठ्याचं? ते शिंपीणबाईकडं हाय. कालपासून रडून राहिली, उद्याच्याला जा." मी शिक्षिकेच्या तोऱ्यात एकदा त्यांना वही ठेवायला सांगितलं. "वही ठिवली की माणूस वहीला इचारतंय, माणसाला न्हाई," ते म्हणाले आणि विषय संपवला.

त्यातही त्यांचा कावा असायचा. बांधावरून भांडलेल्या दोन भावांपैकी एकाला शेतीचं पुस्तक हवं असलं, की ते हटकून दुसऱ्याकडे असायचं. पाटलांच्या आईला मोठ्या अक्षरांतली एक कादंबरी हवी होती, तर ती बौद्धवाड्यातल्या गवंड्याच्या बायकोकडे. म्हातारी आठ दिवस धुसफुसली, नवव्या दिवशी पदर खोचून गेली. दिवेलागण झाली तरी परतली नाही म्हणून पाटील शोधायला निघाले, तर दोघी ओट्यावर चहा पीत नायिकेच्या नवऱ्याला शिव्या देत बसलेल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. शिस्तीचा, सरळ माणूस. त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "मी पाचच्या गाडीनं जाणार," ते म्हणाले. "तोवर पुस्तकं डोळ्यांनी बघितली नाहीत, तर मान्यता काढून घ्या असं लिहावं लागेल." मान्यता गेली की ती खोलीही जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पळत जाऊन सगळी पुस्तकं गोळा करून आणते म्हणून मी पदर खोचला, तर आबांनी माझा हात धरला. "वाचता माणसाच्या हातातून हिसकून आणतीस व्हय? चला साहेब, तुमीच चला."

आणि आमची वरात निघाली. पहिल्या घरी पुस्तक धान्याच्या कणगीवर, दुसरीकडे जात्याजवळ, तिसरीकडे पाळण्यात लेकराच्या उशाशी. साहेबांनी चार घरी चहा नाकारला, पाचव्यापासून नाद सोडला. बातमी आमच्या पुढं धावत होती. माणसं पुस्तकं घेऊन दारात उभी, आणि जो तो साहेबांना आपली गोष्ट सांगून राहिलेला. पाटलांची आई तर अर्धा गाव आमच्याबरोबर आली, कारण तिला कादंबरीचा शेवट सांगायचा होता. मला हसू आवरत नव्हतं.

तांड्यावर मात्र घोडं अडलं. तिथल्या एका आजीबाईंकडचं पुस्तक फडक्यात बांधलेलं होतं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण न्यायला येईल त्यानं आधी दोन पानं वाचून दाखवायची, हा त्यांचा स्वतःचा नियम. साहेबांनी घड्याळ बघितलं, खाटेवर टेकले आणि वाचू लागले. दोन पानं झाली.

"पुढं?" आजीबाई म्हणाल्या.

"दोनच ठरली होती ना?"

"तुला न्हाई ऐकायचं व्हय, पुढं काय झालं ते?"

साहेबांनी पुन्हा एकदा घड्याळ बघितलं. मग त्यांनी पान उलटलं. पाचची गाडी फाट्यावरून धुरळा उडवत निघून गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

मुक्काम अर्थातच ताईकडे झाला. सकाळी त्यांनी अहवालात लिहिलं: 'कपाट रिकामे. पुस्तके सर्व वाचनात. मान्यता कायम ठेवावी.' मग आबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ते पुस्तक आपल्याला मिळेल का. "आजीबाईंकडून न्यावं लागंल, साहेब," आबा म्हणाले, "त्यांचं ऐकून झाल्यावर." पुढं दोनदा साहेब रजा काढून तांड्यावर वाचायला आले.

चार वर्षांनी एका थंडीत आबा अचानक गेले. माझी तोवर बदली झाली होती. कळलं तशी मी धावत गेले. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे आता कुणालाच माहीत नाही. वही नाही, काही नाही. मला आबांचा रागच आला. मग गाव घरोघर विचारत फिरू लागलं. पाटलांची आई काठी टेकत बौद्धवाड्यात गेली, गवंड्याची बायको तांड्यावर. मीही फिरले. प्रत्येक दारात पुस्तकाचं विचारायचं आणि आबांचंच बोलत बसायचं. त्या दिवसांत कुणालाही आपल्या घरात एकट्यानं रडावं लागलं नाही.

आता तिथं पक्की इमारत आहे, नोंदवही आहे. गेले की मी कपाट उघडून बघते. काठोकाठ भरलेलं असतं, आणि मला आबांची फार आठवण येते.