झऱ्याच्या तोंडची दोन अक्षरं

पुण्याहून अकोल्याला येऊन परतवाड्याच्या एसटीत बसलो, तेव्हा काम एकच होतं. स्वतःच्या नावावरून बोट फिरवून यायचं. माझे वडील, बापू, विहिरी खणत. अक्षरओळख नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी आत्याच्या विहिरीला झरा लागला, तेव्हा गावच्या मास्तरांकडे अक्षरं गिरवून त्यांनी तिथल्या पांढऱ्या दगडात ‘गजा’ कोरलं. पाणी लागलं की त्याच्या तोंडाशी खूण कोरायची, ही त्यांची रीत. बापू गेले; त्यांचं हस्ताक्षर जगात तेवढंच.

वाटेत दर्यापूरला चहा घेतला. हा खारपाणपट्टा (खाऱ्या पाण्याचा मुलूख). मी तोंड वाकडं केलं तसा चहावाला हसला.

“पानी जिथून येते, तिथलं काही ना काही घेऊन येतेच नं भाऊ!”

पुढे संत्र्याच्या बागा लागल्या आणि लहानपणच्या सुट्ट्या आठवून उगाच गलबलून आलं. आत्या ओट्यावरच उभी होती.

“काहून रे गजा, वाळून गेला! आधी जेव.”

भाकर, पातोडीची झणझणीत भाजी. डोळ्यांतून पाणी येईतो जेवलो.

मग विहिरीत उतरलो. उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेलं. झऱ्याजवळचा दगड वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत झाला होता. दोन्ही हातांनी चाचपलं. अक्षरं नव्हती. खोटं कशाला सांगू, तिथंच रडलो.

“सापडलं का?” आत्यानं वरून विचारलं.

“नाही गं.”

“दगड चुनखडीचा हाय. पावसाचं पानी मातीतून आंबट होऊन येते अन् त्याले खाते. तुया बापानंच लिंबू पिळून दाखवलं होतं मले, दगड फसफसला होता. म्या म्हनलं, झऱ्यापाशी नको कोरू. तं म्हने, मानाची जागा हेच!”

बापूंचा हट्ट मला ठाऊक होता.

घरी आत्यानं गंजात (उभ्या पातेल्यात) चहाचं पाणी ठेवलं. आतून पांढरं जाड पूट बसलेलं.

“चिंचेनं घासत नाहीस?”

“बाकीचे घासतो. हा नाई घासत. विहिरीतला दगडच येऊन बसला हाय यात.”

निघताना थर्मास विहिरीच्या पाण्यानं भरून घेतला. पुण्याला पोचल्यावर ते सगळं पातेल्यात उकळून आटवलं. सुट्ट्यांमध्ये हेच पाणी पिऊन मी वाढलो. म्हणजे बापूंनी कोरलेलं थोडंथोडं माझ्या पोटातही गेलं असणार. तळाशी पांढरट पूट उरलं. पातेलं निवू दिलं आणि त्यावरून सावकाश बोट फिरवलं.