सनईवाल्याचे ओठ

लग्नसराई निम्म्यावर आली की बाच्या ओठावर ताप फुटायचा. आधी खालच्या ओठाच्या कडेला चुणचुण, मग बारीक फोडांचा घोस, मग खपली. अंगातली उष्णता बाहेर पडते, असं सगळे म्हणायचे आणि तूप लावून मोकळे व्हायचे. पण बाचा धंदाच ओठांचा. तो सनई वाजवायचा आणि मी त्याच्या मागे उभा राहून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचो. अल्लीपूरच्या आजूबाजूची लग्नं आम्ही बापलेकांनी भर उन्हात वाजवली. वरात निघाली की ओठातून रक्त आलं तरी थांबता येत नसे. नवरदेवाचा घोडासुद्धा सावलीत बांधायचे. आम्हांला कोणी सावली दाखवली नाही. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, तरी लग्नघरी आमच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे.

सनईच्या तोंडाशी बसवायची पत्ती थुंकीनं भिजल्याशिवाय बोलत नाही. आमच्या घरची रीत अशी, की नवी पत्ती बानं आधी स्वतःच्या तोंडात भिजवायची, फुंकून पाहायची आणि मग माझ्या सनईला बसवायची. त्याच्या बापानंही त्याला अशीच दिली होती. वाजवणं बापाकडून लेकाकडे असंच येतं, अशी त्याची खात्री होती.

त्या साली ऐन सराईत माझंही तोंड उठलं, आणि फार वाईट उठलं. ओठ, हिरड्या, जीभ, सगळीकडे फोड. अंगात ताप, आणि पाण्याचा घोट गिळवेना. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून हिंगणघाटला डॉक्टरकडे गेलो. त्यानं तोंड पाहिलं आणि विचारलं, कोणाचं उष्टं घेतोस का? मी पत्तीचं सांगितलं. तो म्हणाला, ही उष्णता नाही, लागण आहे. एकदा शिरली की जन्मभर अंगात दबा धरून बसते. ऊन, जागरण, थकवा झाला की वर येते. मुळापासून घालवणारं औषध नाही. फोड खरवडू नको, तो हात डोळ्याला लावू नको, तूप लावून ओठ मऊ ठेव. पत्ती, विडी, पेला ज्याचा त्याचा. उन्हात फिरू नको, थकू नको, असंही म्हणाला. मला हसू आलं, पण ओठ फाटतील म्हणून हसलो नाही.

मी उठलो तेव्हा त्यानं विचारलं, “घरात लहान मूल आहे?”

माझी मुलगी पाच महिन्यांची होती.

“ओठावर फोड असेतो तिचा मुका कोणी घ्यायचा नाही. एवढ्याशा जिवाला हे झेपत नाही. जिवावर बेतू शकतं.”

वाटभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं. बा घरी आला की आधी तिला उचलायचा, तिच्या गालावर ओठ टेकवून सनईसारखा सूर काढायचा, आणि ती खुदखुदायची. दिवसभरात त्याला तेवढंच सुख होतं.

पोचलो तर तो ओसरीत तिला मांडीवर घेऊन बसला होता, ओठावर ओली खपली. मी तापानं फणफणलेला. गोड शब्द शोधायची ताकद उरली नव्हती.

“बा, पोरीले तोंड लावू नको. ठेव तिले खाली.”

“काऊन?”

“तुह्या ओठाचं तिले लागन. डॉक्टर म्हने, जिवावर येते. मलेबी तुह्या पत्तीतूनच लागलं.”

बानं माझ्याकडे पाहिलं. मुलीला माझ्या बायकोच्या हातात दिलं, शेल्यानं तोंड पुसलं आणि अंगणात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याचा पेला अंगणातल्या रांजणापाशी होता आणि जेवायला तो उंबऱ्याबाहेर बसला.

“असं नाई बा, फोड सुकेपर्यंतच म्हनलं मी.”

“बरं,” तो म्हणाला. त्या ‘बरं’शी वाद घालता येत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यावर चिडलो, डॉक्टरवर चिडलो आणि नुसता थकून गेलो. लेकीला जपायचं तर बापाला दुखवल्यावाचून वाट नव्हती.

यथावकाश त्याची खपली गळली, ओठ स्वच्छ झाला. माझंही तोंड निवळलं होतं. मी मुलीला त्याच्याजवळ नेलं.

“घे बा. आता भेव नाई.”

त्यानं हात पुढे केले नाहीत.

“लग्नघरी वरून पानी ओततेत,” तो म्हणाला, “मले कधी काई वाटलं नाई. म्हनलं, घरी गेलो का सरलं.”

मुलगीच त्याच्याकडे झेपावली, तेव्हा त्यानं तिला घेतलं, पण तिची पाठ आपल्या छातीला लावून, तिचं तोंड रस्त्याकडे करून. ती मान वळवून त्याला पाहू बघायची आणि तो हळूच तिची मान पुन्हा समोर करायचा. ती चालायला लागेपर्यंत त्यानं तिला असंच घेतलं.